बाटली बुडते, झाकण तरंगतं

पाण्याची एक रिकामी बाटली घ्या. कात्रीने तिचा बोटाएवढा तुकडा कापा. झाकणाचाही एक तुकडा काढा. झाकण जाड असतं, कात्री सटकते, तेव्हा जरा जपून. आता दोन्ही तुकडे बादलीभर पाण्यात टाका, बोटाने तळापर्यंत दाबा आणि बोट काढून घ्या. बाटलीचा तुकडा खालीच बसून राहतो. झाकणाचा तुकडा टुणकन वर येतो.

हा पाच मिनिटांचा उद्योग मी मुद्दाम करायला सांगतोय. प्लास्टिकचा कचरा, त्याचं रिसायकलिंग, त्याला पर्याय या विषयांवर बोलताना जो गोंधळ होतो, त्यातला निम्मा तरी या बादलीत निवळतो.

बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची असते. ते पाण्याच्या सुमारे १.३८ पट जड. झाकण पॉलिइथिलीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, आणि ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. पीईटी वितळवायला २५० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही जास्त तापवावं लागतं. पॉलिइथिलीनचं झाकण १३० अंशांच्या आसपासच पातळ होतं. म्हणजे वस्तू एक, नाव एक, पण तिचे दोन भाग एकत्र वितळवले तर हाती काही धड लागत नाही. बाटल्यांचं रिसायकलिंग करणारे कारखानेही तुमच्या बादलीतलाच प्रयोग मोठ्या टाक्यांमध्ये करतात. बाटल्यांचा चुरा पाण्यात सोडायचा, झाकणांचा चुरा वरून काढून घ्यायचा, बाटल्यांचा खालून.

प्लास्टिक हे खरं तर आडनाव आहे. त्या घरात बरीच भावंडं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात जो १ ते ७ पैकी एक आकडा असतो, तो या भावंडांची ओळख पटवण्यासाठी १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने सुरू केला. १ म्हणजे पीईटी. २ म्हणजे कडक पॉलिइथिलीन, शाम्पूच्या आणि साफसफाईच्या द्रवांच्या बाटल्यांचं. ३ पीव्हीसी, ४ मऊ पॉलिइथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन (थर्मोकोल हा त्याचाच फुगवलेला अवतार) आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. त्या त्रिकोणामुळे अनेकांना वाटतं की ही वस्तू रिसायकल होतेच. तसं काही त्यात सांगितलेलं नसतं. त्रिकोण फक्त नाव सांगतो, भविष्य सांगत नाही.

मुळात प्लास्टिक हाच एक पर्याय होता

आज आपण प्लास्टिकला पर्याय शोधतोय, पण प्लास्टिकचा जन्मच कशाला तरी पर्याय म्हणून झाला. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महाग आणि दुर्मीळ होत चालला होता. त्याच्या जागी काही बनवता येईल का, या खटपटीत अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने सेल्युलॉइड विकसित केलं. १८७० मध्ये त्याचं पेटंट झालं. ते कापसातल्या सेल्युलोजपासून बनायचं. पूर्णपणे प्रयोगशाळेत जन्मलेलं पहिलं प्लास्टिक म्हणजे बेकलाइट. ते १९०७ मध्ये लिओ बेकलंडने तयार केलं, झाडांच्या आणि किड्यांच्या राळेला पर्याय म्हणून.

पॉलिइथिलीनचा शोध तर अपघातानेच लागला. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थविच इथल्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघं इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन दुसरंच काहीतरी करू पाहत होते. सकाळी भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. पुढे दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरचं आवरण म्हणून तो कामी आला. आणि १९६५ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीने स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी रचलेल्या पिशवीचं पेटंट घेतलं. एकाच नळीतून कापलेली, बंदांसकट तयार होणारी, आज जगभर दिसते तीच ही पिशवी. कागदी पिशव्या ओल्या झाल्या की फाटतात. ही फाटत नव्हती.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे पर्यायाची गंमत. ज्या गुणासाठी आपण नवा पदार्थ आणतो, तोच गुण पुढे गळ्यात येतो. प्लास्टिक सडत नाही, म्हणून तर ते हवं होतं.

ते सडत का नाही

प्लास्टिक म्हणजे रेणूंची लांबच लांब माळ. इथिलीनचा रेणू छोटा: दोन कार्बन, चार हायड्रोजन. असे हजारो रेणू एकामागे एक ओवले की पॉलिइथिलीन तयार होतं. माळा लांब म्हणून पदार्थ चिवट. एकमेकींवरून सरकू शकतात म्हणून लवचीक.

पान, लाकूड, कापूस यांच्यातही अशाच माळा असतात. पण त्या माळांच्या गाठी कुठे आहेत आणि कशा सोडवायच्या, हे जिवाणूंना आणि बुरशींना कोट्यवधी वर्षांच्या सरावाने ठाऊक झालंय. त्यांच्याकडे त्यासाठी एन्झाइम आहेत, म्हणजे ठरावीक गाठ कापणाऱ्या बारीक कात्र्याच. पॉलिइथिलीनच्या माळेत कार्बनला कार्बन चिकटलेला, मध्ये गाठच नाही. कात्री लावायची कुठे? पीईटीच्या माळेत गाठी आहेत, पण त्या घट्ट रचलेल्या असतात. जपानमध्ये बाटल्यांच्या रिसायकलिंगच्या जागी पीईटी खाणारा एक जिवाणू सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं, इडिओनेला साकाइएन्सिस हे त्याचं नाव. शोध मोठा आहे, त्यावर पुढचं कामही जोरात चालू आहे. पण 'प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला, आता प्रश्न मिटला' असा निरोप फिरू लागला, तो उतावळेपणा होता. त्या जिवाणूला पातळ, मोकळ्या रचनेचा तुकडासुद्धा संपवायला आठवडे लागतात.

सडत नाही याचा अर्थ प्लास्टिक आहे तसं राहतं असाही नाही. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आठवा. वर्षभर उन्हात राहिलेला चिमटा एके दिवशी दाबताच हातात कटकन मोडतो, आणि बोटांना पांढरट भुकटी लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी माळा तुटून आखूड झालेल्या असतात. पदार्थ तोच, तुकडे लहान. हे तुकडे होणं थांबत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात; समुद्रातल्या अशा सूक्ष्म तुकड्यांसाठी हा शब्द रूढ झाला तो ब्रिटिश संशोधक रिचर्ड थॉम्प्सन यांच्या २००४ मधल्या लेखापासून. चिमट्याची ती भुकटी मातीत, पाण्यात, धुळीत जाते. गोळा करायला ती हातात येत नाही, म्हणून मोठ्या वस्तूची भुकटी व्हायच्या आत तिला आवरणं एवढंच आपल्या हातात उरतं.

शंभरातले नऊ

१९५० साली जगात वर्षाला सुमारे २० लाख टन प्लास्टिक बनत होतं. २०१५ मध्ये ते सुमारे ३८ कोटी टनांवर गेलं. तोवर बनलेलं एकूण प्लास्टिक ८३० कोटी टन, त्यातला कचरा झालेला भाग सुमारे ६३० कोटी टन. हा हिशेब २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी मांडला. त्या कचऱ्यापैकी ९ टक्के रिसायकल झाला, १२ टक्के जाळला गेला आणि ७९ टक्के कचरा डेपोंत किंवा उघड्यावर साठला.

नऊच टक्के का? लोक आळशी आहेत म्हणून, असं सांगून मोकळं होता येतं, पण ते पूर्ण खरं नाही. घरातून नीट वेगळं करून दिलेलं प्लास्टिकही पुढे अडखळतं.

पीईटीच्या ढिगात पीव्हीसीचे थोडे तुकडे गेले, तर पीईटी वितळायच्या तापमानाला पीव्हीसी जळू लागतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. अख्खा घाणा पिवळा पडतो, ठिसूळ होतो. दोन्ही प्लास्टिक पाण्यात बुडणारी, त्यामुळे इथे बादलीचा उपयोगही नाही. काळ्या रंगाचे ट्रे आणि डबे तर यंत्राला दिसतच नाहीत: छाननी करणारं यंत्र अवरक्त प्रकाश टाकून परत येणाऱ्या किरणांवरून प्लास्टिक ओळखतं, आणि काळ्या रंगातलं काजळ तो प्रकाश गिळून टाकतं. शिवाय दर वेळी वितळवताना माळा थोड्या तुटतात. कागदाचा लगदा पुन्हापुन्हा केला की धागे आखूड होतात, तसंच. म्हणून पुष्कळदा बाटलीची पुन्हा बाटली होण्याऐवजी तिचा धागा होतो आणि धाग्याचं पुढे काही होत नाही.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे चकचकीत पुड्या. खाऊची रिकामी पुडी मुठीत चुरगळून सोडा. ती हळूहळू उलगडली, तर आतला चंदेरी रंग धातूच्या पत्र्याचा नसून प्लास्टिकवर दिलेल्या धातूच्या अतिपातळ थराचा आहे. एक थर ओलावा अडवतो, एक प्राणवायू अडवतो, एकावर छपाई, एक उष्णतेने चिकटतो. हे थर मिळून पुडीची जाडी केसापेक्षा फारशी जास्त भरत नाही. अभियांत्रिकी म्हणून मला या पुडीचं कौतुक वाटतं. आणि हे थर एकमेकांपासून सोडवणं जवळजवळ अशक्य, म्हणून कचरा वेचणारा माणूस तिच्याकडे वाकूनही पाहत नाही. सॅशेचंही तेच: इतकं हलकं की दिवसभर वेचूनही वजन भरत नाही.

वर पैशाचा भाग वेगळाच. नवं प्लास्टिक खनिज तेलातून आणि नैसर्गिक वायूतून बनतं. तेलाचा भाव उतरला की नवे दाणे जुन्या, धुतलेल्या दाण्यांपेक्षा स्वस्त पडतात आणि रिसायकलिंगवाल्याचा माल पडून राहतो.

तरीही १ आणि २ आकड्यांच्या बाटल्या वेगळ्या, धुऊन, कोरड्या करून द्याव्यात असंच मी म्हणेन, कारण त्यांना खरोखर गिऱ्हाईक असतं. आत चिकट काही राहिलेली एक बाटली सोबतचा कागद आणि इतर माल खराब करते. झाकण मात्र वेगळं भिरकावू नका. गोळा करणाऱ्यांची हरकत नसेल तर बाटलीलाच लावून द्या. सुटं झाकण कुठेतरी हरवतं, बाटलीवरचं झाकण टाकीत आपोआप वर येतं. युरोपीय संघाने तर जुलै २०२४ पासून पेयांच्या बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच ठेवायला लावलीत. पिताना ती नाकाला टोचतात अशी तक्रार असते, पण ती हरवत नाहीत.

पर्यायांची नावं नीट वाचावी लागतात

'बायोप्लास्टिक' हा शब्द दिसला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. हे कशापासून बनलं? आणि याचं शेवटी होतं काय? या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिइथिलीन बनवता येतं; ते तेलापासून बनलेल्या पॉलिइथिलीनसारखंच असतं आणि तितकंच सडत नाही. उलट तेलापासून बनलेली काही प्लास्टिकं योग्य परिस्थितीत कुजतात. मूळ हिरवं म्हणजे शेवट हिरवा, ही आपली समजूत.

पीएलए हे सध्याचं लाडकं उदाहरण. मका किंवा ऊस यांतल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल, आणि त्याच्या माळा जोडून पीएलए. पारदर्शक पेले, चमचे, थ्री-डी छपाईचा धागा यांत ते असतं. ते कुजतं, हे खरं आहे. पण त्याला सुमारे ५८ ते ६० अंश तापमान, ओलावा आणि जिवाणू हे सगळं आठवडेच्या आठवडे लागतं. एवढी उष्णता मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळते. घरच्या कुंडीत मिळत नाही, समुद्रात तर नाहीच. तिथे पीएलएचा पेला एका साध्या पेल्यासारखाच पडून राहतो. 'कंपोस्ट होणारं' असं लिहिलेलं असलं, तर कुठे कंपोस्ट होणारं, हे बारीक अक्षरांत शोधावं.

आता पुन्हा बादलीकडे या. पीएलएचा तुकडा टाकलात तर तो बुडतो, कारण तो पाण्याच्या सुमारे १.२४ पट जड असतो. म्हणजे कुणी भल्या मनाने पीएलएची बाटली पीईटीच्या बाटल्यांत टाकली, तर ती पीईटीसोबत तळाला जाते आणि चांगल्या मालात भेसळ करते. पर्याय चांगला असूनही, त्याला गोळा करायची वेगळी वाट नसेल तर जी वाट आहे तीही तो बिघडवतो.

प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्प्सन यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या पिशव्या तीन वर्षं मातीत पुरून, समुद्राच्या पाण्यात टांगून आणि उघड्या हवेत ठेवून पाहिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. 'जैवविघटनशील' असं छापलेली पिशवी तीन वर्षांनंतर माती आणि समुद्र या दोन्ही ठिकाणांहून बाहेर काढली, तेव्हा तिच्यातून सामान भरून नेता येत होतं. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ओळखू येत होती, फक्त वजन घेताच फाटत होती. उघड्या हवेत सगळ्यांचेच नऊ महिन्यांत तुकडे. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात कुणी काही तर्क लढवले नाहीत. पुरल्या आणि उकरून पाहिल्या.

'ऑक्सो-विघटनशील' नावाच्या मालापासून सरळ लांब राहावं. साध्याच प्लास्टिकमध्ये लवकर तुकडे व्हावेत म्हणून रसायन घातलेलं असतं. म्हणजे चिमट्याची भुकटी, पण घाईने. युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्याने असा माल बाजारातून काढला.

कागदी पेला कागदाचा दिसतो, पण आतून बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं. तो पॉलिइथिलीनचा पातळ थर. तो नसता तर पेला पेयासकट मांडीवर विरघळला असता. बांबूचा म्हणून विकला जाणारा पेला बऱ्याचदा बांबूची भुकटी आणि तिला बांधणारं मेलामाइन, म्हणजे पुन्हा प्लास्टिकच, यांचा असतो. बांबूच्या दांड्याच्या टूथब्रशचे केस बहुधा नायलॉनचे. चिपाडाच्या आणि पानांच्या लगद्याच्या थाळ्या चांगल्या, मात्र तेल झिरपू नये म्हणून काहींना पीएफएएस जातीच्या, निसर्गात न मोडणाऱ्या रसायनांचा हात दिलेला असतो; तो न दिलेला माल मिळतो, विचारून घ्यावा. आणि जिथे आपण प्लास्टिक शोधायलाच जात नाही, तिथेही ते असतं: सिगारेटच्या फिल्टरमध्ये, ओल्या वाइप्समध्ये, च्युइंगममध्ये, चमकीत.

माझ्या कपाटातल्या सतरा पिशव्या

गेल्या महिन्यात कपाट आवरताना मी कापडी पिशव्या मोजल्या. सतरा निघाल्या. एक-दोन मी घेतलेल्या, बाकी समारंभांतून, परिषदांतून, भेटवस्तूंसोबत आलेल्या. बहुतेकींवर पर्यावरणाचा काही ना काही संदेश छापलेला. रोज वापरतो ती एकच, तिचा एक बंद मी दोनदा शिवलाय.

कापूस पिकवायला पाणी, खत, जमीन लागते; सूत कातायला, विणायला, रंगवायला वीज. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कापडी पिशवी किमान १३१ वेळा वापरली तरच हवामानावरच्या परिणामात ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करते. कागदी पिशवीला हाच आकडा ३. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात हवामानाच्या निकषावर साध्या सुती पिशवीला ५२ वेळा, पण सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा! हा दुसरा आकडा फार गाजला. त्यामागे मुख्यतः ओझोन थरावरच्या परिणामाचा एकच निकष होता, हे सांगायचं मात्र राहून गेलं. शिवाय या दोन्ही अभ्यासांत पिशवी उडून नाल्यात किंवा गाईच्या नाहीतर कासवाच्या पोटात गेली तर काय, याचा हिशेब नाही. म्हणून 'कापडापेक्षा प्लास्टिक बरं' असा अर्थ त्यातून काढणारे चुकतात.

त्यातून कळतं ते वेगळंच. आठवड्यातून एक फेरी धरली तर ५२ म्हणजे एक वर्ष, १३१ म्हणजे अडीच वर्षं. एक पिशवी हे सहज करते. पण मी सतराच्या सतरा आळीपाळीने वापरायच्या ठरवल्या, तर प्रत्येकीच्या १३१ फेऱ्या पुऱ्या व्हायला जवळजवळ ४३ वर्षं लागतील. त्यामुळे हल्ली कुणी कापडी पिशवी देऊ केली की मी नको म्हणतो. जरा आगाऊपणा वाटतो, पण म्हणतो.

कुठल्याही पर्यायापुढे मी आता हाच प्रश्न ठेवतो: याच्या फेऱ्या किती होतील? काचेची बाटली प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा कितीतरी जड, काच वितळवायला १,५०० अंशांच्या आसपास भट्टी लागते. एकदा वापरून फोडली तर तिने वाचवलं काहीच नाही. धुऊन पुन्हा भरली, वीस-पंचवीस वेळा फिरली, तर तिच्यासारखी दुसरी नाही. स्टीलच्या बाटलीचंही तसंच. एक असावी, दर वर्षी नवा रंग नको. आणि एकदाच वापरायची गोष्ट लाकडाची केली काय, कागदाची केली काय, ती एकदाच वापरायचीच राहते.

घरात काय करता येतं

जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ४० टक्के वेष्टनांचा असतो. तेव्हा सुरुवात खरेदीच्या नव्या यादीने करू नका, केराच्या डब्याने करा. आठवडाभर सुका कचरा वेगळ्या पिशवीत साठवा आणि रविवारी जमिनीवर ओतून पाहा. प्रत्येक घराचा ढीग वेगळा असतो. कुणाकडे पाण्याच्या बाटल्या, कुणाकडे बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे, कुणाकडे सॅशेच सॅशे. जे सगळ्यात जास्त आहे, त्या एकाच गोष्टीच्या मागे लागा. दहा गोष्टी एकदम बदलायला निघालेली माणसं महिन्याभरात थकतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्या माणसांत मीही होतो.

द्रव साबणाऐवजी वडी, हा मला सापडलेला सगळ्यात सोपा बदल. बाटली नाही, पंप नाही. त्या पंपात पोलादी स्प्रिंग असते, म्हणून तो रिसायकलही नीट होत नाही. सॅशेऐवजी मोठी बाटली किंवा भरून मिळणारा माल, पण संपणार असेल तेवढाच. जेवण मागवताना चमचे-काटे नको म्हणून सांगणं.

कपड्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पॉलिएस्टर म्हणजे पीईटीच, धाग्याच्या रूपात. अॅक्रिलिक आणि नायलॉनही प्लास्टिकच. सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात, कपडे अॅक्रिलिकचे असतील तर, सात लाखांहून जास्त सूक्ष्म तंतू सुटू शकतात, असं नॅपर आणि थॉम्प्सन यांनीच २०१६ मध्ये मोजलं होतं. उपाय साधे आहेत: एकदा अंगाला लागला म्हणून कपडा धुवायला टाकायचा नाही, यंत्र पूर्ण भरून चालवायचं, पाणी फार गरम नको, आणि नवा स्वस्त कपडा घेण्याआधी जुन्याचं बटण लावून घ्यायचं.

गरम अन्न प्लास्टिकच्या डब्यात भरू नये, ओरखडे पडलेल्या डब्यात तर मुळीच नाही. उष्णता आणि तेल यांच्याबरोबर प्लास्टिकमधली काही रसायनं अन्नात उतरतात. आणि प्लास्टिक जाळू नये. पीव्हीसी उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. कोपऱ्यात काडी लावून कचरा 'संपवणाऱ्या' शेजाऱ्याला हे एकदा तरी सांगून बघावं.

बाकी पुष्कळसं घराच्या हातात नाही. पुडीला किती थर असावेत, हे तुम्ही-मी ठरवत नाही. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीवर छोटासा कर लावला आणि पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. लोक तेच होते, नियम बदलला. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या पेयांच्या बाटल्या आणि डबे यांवर अनामत घेतली जाते, रिकामी परत केली की पैसे परत, आणि जवळजवळ सगळ्या परत येतात. बाटली कुणाला तरी हवीशी वाटली की ती रस्त्यात पडून राहत नाही. जगभरासाठी एक करार करायचं मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं. २०२४ च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात बैठका झाल्या, दोन्ही कराराविना उठल्या. मुख्य भांडण एकच: प्लास्टिक किती बनवायचं यावर मर्यादा घालायची, की फक्त कचऱ्याची व्यवस्था सुधारायची. तेल विकणाऱ्या देशांना दुसरं हवंय, यात नवल नाही. नळ चालू ठेवून फरशी पुसायचा हा प्रकार आहे, असं माझं मत.

आणि काही ठिकाणी प्लास्टिकच हवं. रक्ताच्या पिशव्या, सलाइन, एकदाच वापरायच्या सिरिंज, विजेच्या तारांवरचं आवरण. तिथे पर्याय शोधत बसायची घाई नाही. घरातले धड असलेले प्लास्टिकचे डबे फेकून त्या जागी काचेचे आणणं हाही उलटा उद्योग. डबा बनवताना व्हायचं ते झालेलं असतं, आता त्याच्या फेऱ्या वाढवणं एवढंच बाकी.

माझ्याकडे असा एक डबा आहे. तळाशी ५ चा आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. अन्न ठेवायचं मी कधीच बंद केलं, आता त्यात सुई-दोरा, बटणं आणि पिशवीच्या बंदाला लागणारी पट्टी असते. झाकण आणि डबा एकाच तुकड्याचे, मध्ये नुसती पातळ घडी. पॉलिप्रॉपिलीनची ही खासियत: हजारो वेळा दुमडलं तरी त्या घडीवर ते मोडत नाही. चौदा वर्षं झाली. मी ती घडी उजेडात धरून पाहिली, पांढरी रेघ उमटली आहे, चीर नाही.